आधी बावखल, मग घर

विरारला किंवा नालासोपाऱ्याला उतरून रिक्षाने पश्चिमेकडे निघालं की थोड्याच वेळात इमारती मागे पडतात आणि वाड्या सुरू होतात. केळी, नागवेलीचे पानमळे, सोनचाफा, तगर, मोगरा, मधूनच माड नि ताड. आगाशी, उमराळे, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव ही गावं एकमेकांना चिकटून आहेत. पलीकडे अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब हे किनारे, आणि किनाऱ्याच्या अलीकडे, सुरूच्या बनांना लागून, रिसॉर्टच्या पाट्या.

या रिसॉर्टांनी मुंबईच्या चाकरमान्याला परवडणारी एक सुट्टी दिली, हे आधी मान्य करायला हवं. लालबाग-भांडुपमधली कुटुंबं सकाळच्या लोकलने येतात, दिवसभर तरणतलावात डुंबतात, मासे खातात आणि रात्री घरी पोचतात. त्या आनंदाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण आता या पट्ट्यात आणि पूर्वेला तुंगारेश्वराच्या पायथ्याशी एक नवा प्रकार येऊ पाहतो आहे. त्याला ‘वेलनेस रिसॉर्ट’ म्हणतात. योग, आयुर्वेद, निसर्गोपचार, मौन; आणि हे सगळं ‘पारंपरिक वास्तुशैलीत, पर्यावरणाला जपून’. असे आराखडे उघडले की बहुधा काँक्रीटचा सांगाडा दिसतो, त्यावर शोभेला मंगलोरी कौलं, भिंतीवर वारली चित्रं, अंगणात तुळशीवृंदावन. पाण्याच्या रकान्यात मात्र बोअरवेल, आणि ती आटली तर टँकर.

मला काळजी वाटते ती या शेवटच्या रकान्याची. वसईतली जुनी घरं पाणी, वारा आणि हाताशी असलेली माणसं यांच्या हिशेबातून उभी राहिली. तो हिशेब वगळून फक्त छप्पर उचललं, तर इथल्या परंपरेतलं जे खरोखर उपयोगाचं आहे तेच मागे राहतं.

वसईच्या पश्चिम पट्ट्याचं पाणी समजून घेतलं की इथली वस्ती समजते. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत पावसाचं गोडं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. भूजलशास्त्राचा एक ठोकताळा असा, की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची एक फूट उंची असेल, तर समुद्रपातळीच्या खाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी तोललं जातं. याची उलट बाजू भीतिदायक आहे. वरची पातळी उपशाने एक फूट उतरली, तर खालचं खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं. खोल बोअरवेल मारून पंप लावणारा माणूस नेमकं हेच करतो. स्वतःच्या विहिरीबरोबर तो शेजाऱ्याचीही विहीर मचूळ करतो.

वाडवळ, कुपारी, सामवेदी ब्राह्मण, भंडारी अशा इथल्या शेतकरी-बागायतदारांनी हे सूत्र कधी कागदावर मांडलं नसेल, पण त्यांनी खोदलेली बावखलं त्याच समजुतीवर उभी आहेत. बावखल म्हणजे वाडीतलं उथळ, पसरट तळं. पावसाळ्यात ते तुडुंब भरतं, हळूहळू जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर देतं. उन्हाळ्यात त्यावर केळी आणि पानवेली जगतात. पूर्वी त्यावर रहाट असे, बैल फिरत आणि पाणी पाटाने मळ्यात जाई. रहाटाचा उपसा धीमा, त्यामुळे पातळी सावरायला वेळ मिळे. बावखलाभोवती सावली, सावलीत पक्षी, पाण्यात मासे आणि बेडूक. अनेक बावखलं गेल्या तीस-चाळीस वर्षांत मातीचा भराव टाकून बुजवली गेली आणि त्यांवर इमारती किंवा बंगले आले. जी उरली आहेत ती वाचवण्यासाठी इथले तरुण झटताहेत. गाळ काढणं, कडा बांधणं, गणना करणं ही कामं ते पदरमोड करून करतात.

आता रिसॉर्टचं गणित मांडू, कारण कुठल्याही आराखड्याचा पहिला कागद हाच असायला हवा. हॉटेलातल्या एका खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरावं, असं भारतीय मानक सांगतं. चाळीस पाहुण्यांची जागा असेल तर दिवसाला ७,२०० लिटर, आणि ऑक्टोबर ते मे हे आठ कोरडे महिने धरले तर सव्वासतरा लाख लिटरांच्या आसपास. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक हजार चौरस मीटर छपरावर पडलेल्या दोन हजार मिलिमीटर पावसातला वीस टक्के वाया गेला असं धरलं, तरी सोळा लाख लिटर हाती लागतात. म्हणजे चाळीस पाहुण्यांचे जवळजवळ सगळे कोरडे महिने निव्वळ छपरावर भागतात.

अडचण साठवण्याची आहे. सोळा लाख लिटर म्हणजे वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि चार मीटर खोल खड्डा. एवढी सिमेंटची टाकी बांधायची तर खर्च आणि काँक्रीट दोन्ही डोक्यावरून जातात. पण एवढं मोठं बावखल वसईच्या वाडीत नवलाचं नाही. उघड्या पाण्यातून आठ महिन्यांत मीटरभर तरी पाणी उन्हाने उडून जाईल, म्हणजे चार लाख लिटर गेले. काही मुरेल, पण ते मुरलेलं विहिरीत येईल. एवढं गृहीत धरलं की लक्षात येतं, चाळीस पाहुण्यांचं स्वप्न पंचवीस-तीसवर आणावं लागणार. बावखलच ठरवतं, किती खोल्या. तरणतलाव त्यात बसतच नाही. ज्याला पोहायचं आहे त्याच्यासाठी बावखलाची एक कड पायऱ्यांनी बांधून, पाणवनस्पतींनी पाणी स्वच्छ ठेवून जागा करता येते, आणि ती जागा निळ्या फरशीच्या हौदापेक्षा शतपटीने सुंदर असेल, असं मला मनापासून वाटतं.

घराचा विचार यानंतर. वसईच्या वाडीतलं जुनं घर समोरून पाहिलं तर आधी दिसतं ते उंच जोतं. मुसळधार पावसात अंगणात पाणी साचतं, म्हणून कमरेएवढं जोतं दगडाचं. मग ओटी, तिच्यामागे माजघर, बाजूला खोल्या, मागे पडवी, न्हाणी आणि विहीर. सागाचे खांब, तुळया, वासे, वर रिपा आणि कौलं. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि मग तिथली कौलं समुद्रमार्गाने सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्याआधी कुंभारांनी चाकावर केलेली नळीची कौलं असत. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पाखं उतरतं आणि लांब, त्यामुळे भिंतीला थेट ऊन लागत नाही आणि पागोळ्या जोत्यापासून दूर पडतात. पश्चिमेचा वारा ओटीतून आत शिरून मागच्या दाराने बाहेर पडतो. मे महिन्याच्या दुपारी अशा माजघरात पाठ टेकली की पंख्याची आठवण उशिरा होते.

भिंतींना झडीचा पाऊस सोसत नाही, हे माहीत असल्यामुळे नैऋत्येच्या बाजूला पावसाळ्यात माडाच्या झावळ्या विणून केलेले झाप लावत. हंगाम संपला की काढत. आजच्या आर्किटेक्टला मला विशेष सांगावंसं वाटतं ते हे, की झाप लावणं-काढणं ही सुद्धा वास्तुरचनाच होती. घर बांधून संपत नसे, दरवर्षी त्याला हात लागत असे. ज्या रिसॉर्टचा मालक ‘देखभाल लागणार नाही असं काहीतरी द्या’ म्हणतो, त्याला परंपरा नको आहे, परंपरेचा फोटो हवा आहे. आणि देखभाल न लागणारं काही समुद्राकाठी नसतंच. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटमध्ये शिरतो, आतली सळई गंजून फुगते, स्लॅबचे पापुद्रे सुटतात. किनाऱ्याजवळच्या कितीतरी इमारतींना दोन-तीन दशकांत डागडुजीचे पट्टे मारावे लागले आहेत. दगड आणि चुना मात्र टिकतो. वसईचा किल्ला त्याची साक्ष आहे. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ मध्ये, चिमाजी अप्पांनी ती जिंकली १७३९ मध्ये. त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक पावसाळे खाऊन तटबंदी उभी आहे. वसईचा काळा दगड त्या काळी इतका नावाजलेला होता, की गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भिंतीसाठी तो जहाजाने नेला गेला.

आज डोंगर फोडून नवा दगड आणावा असं मी म्हणणार नाही. वसई-विरारमध्ये जुनी घरं पाडली जातात तेव्हा जोत्याचा दगड, सागाच्या तुळया, दारांच्या चौकटी, कौलं हे सगळं मोडीत निघतं. एका रिसॉर्टला लागेल तेवढं सामान एका गावातल्या पाच-सहा पाडलेल्या घरांतून मिळू शकतं. त्यासाठी आराखडा आधी आणि सामान नंतर ही सवय उलटी करावी लागते. हाती आलेल्या तुळईच्या लांबीवरून खोलीची रुंदी ठरते. जुने सुतार असंच करत.

महामार्ग ओलांडून पूर्वेला गेलं की देश बदलतो. पारोळ, मेढे, भाताणे, उसगाव या बाजूला वारली, मल्हार कोळी, कातकरी यांच्या वस्त्या आहेत, मागे तुंगारेश्वर अभयारण्याचं जंगल. इथलं घर कुडाचं. लाकडाच्या मेढी रोवायच्या, सात-आठ वर्षांनी एकदा फुलून वाळणाऱ्या कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधून कूड तयार करायचा आणि त्यावर माती-शेणाचा गिलावा. कूड श्वास घेतो. आतली चूल पेटली की धूर छपरातून झिरपत बाहेर जातो, आणि त्याच धुराने छपराला वाळवी आणि कीड कमी लागते. जमीन धुमसाने चोपून सारवलेली. ही भिंत लिंपायचं काम बायका करतात आणि त्यांच्या हाताचा मोजमापाविना येणारा सफाईदारपणा कुठल्याही कंत्राटदाराला विकत घेता येत नाही. त्या भिंतीवरची चित्रं जगभर गेली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण चित्र उचललं गेलं आणि भिंत मागे राहिली. वेलनेस रिसॉर्टच्या सिमेंटच्या भिंतीवर रंगाच्या डब्यातली वारली माणसं नाचतात, आणि ज्यांना कूड बांधता येतो ती माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात.

वीटभट्टीचा विषय इथे टाळता येत नाही. ठाणे-पालघरच्या भट्ट्यांवर कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं उचल घेऊन सहा-सात महिने राबतात आणि हंगाम संपेपर्यंत ती उचल फिटत नाही. त्यांच्या मुलांसाठी उसगावच्या विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच्या भोंग्यांत, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांत, शाळा चालवल्या. भाजलेली वीट ‘स्थानिक आणि पारंपरिक’ म्हणून निवडणाऱ्या आर्किटेक्टने ती कुणाच्या हातून आली हे विचारायला हवं. भाजण्याचं इंधन आणि धूर हा पर्यावरणाचा भाग झाला; माझ्या लेखी माणसाचा भाग त्याहून मोठा आहे. न भाजलेल्या मातीत बांधलं, तर तोच मजूर आपल्या गावात, आपल्या मुलांजवळ राहून रोज कमावू शकतो.

हे होऊ शकतं याचा मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. वाडा तालुक्यातल्या गालतरे गावाजवळ गोवर्धन इकोव्हिलेज नावाची वसाहत इस्कॉनने उभी केली. इथे बरीच घरं मातीची आहेत. जागेवरच्या मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबयंत्रात विटा पाडल्या आणि त्या भाजल्या नाहीत. काही भिंती फळ्यांच्या साच्यात माती ठोकून उभ्या केल्या. आयुर्वेद आणि योगाची केंद्रं आहेत, गोशाळा आहे, शेणापासून गॅस आहे. मला तिथली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट सांडपाण्याची वाटते. आयआयटी मुंबईत रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक एच. एस. शंकर यांनी विकसित केलेल्या मृदा-जैवतंत्रज्ञानावर ती व्यवस्था चालते. दगड-मातीच्या थरांतून सांडपाणी झिरपत जातं, त्यातले जिवाणू आणि गांडुळं ते शुद्ध करतात, वर झाडं वाढतात. दुर्गंधी नाही, यंत्रं फारशी नाहीत, वीज थोडी लागते, आणि बाहेर आलेलं पाणी शेतीला जातं. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने २०१७ मध्ये या प्रकल्पाला पुरस्कार दिला.

गालतऱ्याचं वसईत जसंच्या तसं उतरवता येणार नाही, हेही सांगायला हवं. तिथे शंभर एकरांच्या घरात जमीन आहे, मागे धार्मिक संस्थेचं बळ आहे, भक्तांची सेवा आहे. वसईच्या पश्चिमेला एकरभर वाडी हाती आली तरी नशीब. पण सांडपाण्याची पद्धत एकरभरातही बसते, आणि वाडीला तर तेच पाणी हवं असतं. आंघोळीचं पाणी केळीला देणं इथल्या कुठल्याही आजीला नवीन नाही. न्हाणीच्या मोरीचं तोंड केळीकडे काढायची इथली जुनी रीत आहे.

वेलनेस हा शब्द नवा असला तरी महाराष्ट्रात हे काम शंभर वर्षं चाललेलं आहे, आणि ते साध्या इमारतींत चाललं. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम १९२४ मध्ये सुरू केलं. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला राहिले आणि त्यातून तिथला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला; बाळकोबा भावे आणि मणिभाई देसाई यांनी तो वाढवला. माती, पाणी, ऊन, उपास, चालणं एवढ्यावर उपचार. वसईपासून जवळ, तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतल्या नवसाशी जोडलेलं आहे. त्या कुंडांत आजही सांधे दुखणारी गावाकडची माणसं पहाटे येऊन बसतात आणि त्यासाठी कुणाला प्रवेशशुल्क द्यावं लागत नाही. रिसॉर्टचं आरोग्य हे जर सगळ्या गावाच्या पाण्यातून, हवेतून येत असेल, तर त्यावर गावाचाही हक्क राहायला हवा. रिसॉर्टच्या कुंपणात योगाचा वर्ग चालतो, तो आठवड्यातून एकदा गावच्या शाळेत चालावा, एवढी साधी अट घालायला काय हरकत आहे?

जेवणाचंही तेच. आगाशीची सुकेळी, राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली, ही जगातल्या कुठल्याही आरोग्यभोजनाच्या ताटात मानाने बसेल. वाडीतली भाजी, तांदळाची भाकरी, कोकमाचं सार, समुद्रावरून त्या दिवशी आलेली मासळी. परदेशी बिया आणि फळं विमानाने आणण्याचं कारण मला दिसत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. किनाऱ्यावर किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात लोकसंख्येच्या घनतेप्रमाणे भरतीरेषेपासून ५० किंवा २०० मीटर बांधकाम करता येत नाही. पूर्वेला अभयारण्याचे नियम आहेत, काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या नावावर करण्याला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ ने मर्यादा घातल्या आहेत. हे नियम अडथळे म्हणून वळसा घालायचे नसतात. ज्या जमिनीवर पाहुणे शांतता शोधायला येणार, ती कुणाकडून कशी आली हा प्रश्न त्या शांततेचाच भाग आहे.

वसईने हा प्रश्न आधीही विचारला आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथली शेतजमीन शहरीकरणाला खुली होऊ लागली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि हजारो माणसं रस्त्यावर उतरली. पुढे दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. शहर थांबलं नाही. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. पण पश्चिमेचा जो हिरवा पट्टा आज दिसतो, तो त्या लढ्यामुळे दिसतो. आता तोच हिरवेपणा ‘शाश्वत रिसॉर्ट’ म्हणून विकला जाणार असेल, तर त्याच्या किमतीत त्या लढ्याची जबाबदारीही धरावी लागेल.

म्हणूनच मला वाटतं, वसईत सर्वांत योग्य वेलनेस रिसॉर्ट एका भूखंडावर नसावा. तो एका गावात पसरलेला असावा. आठ-दहा जुनी कौलारू घरं, प्रत्येकात पाहुण्यांसाठी दोन खोल्या, घरमालक तिथेच राहणारा. मध्ये एक दुरुस्त केलेलं बावखल, त्याच्या काठावर योगासाठी कुडाचा मंडप, तो बांधायला आणि दरवर्षी लिंपायला पूर्वेकडच्या गावांतल्या वारली बायका, ठरलेल्या रोजावर आणि लेखी कराराने. पूर्ण पावसाळा पाहुणे बंद. जूनआधी कौलं परतणं, झाप लावणं, आणि सप्टेंबरनंतर भिंती लिंपणं. शासनाची निवास-न्याहारी योजना आहे, २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे. अशा वस्तीला वेगळ्या कायद्याची वाट पाहायला नको.

अडचणी आहेतच. जुन्या घराचे वाटेकरी सहा, त्यातले दोघे परदेशात, एकाला बिल्डर बोलावतो आहे. सागाची तुळई बदलायला पैसे नाहीत, आणि कौलं परतणारा कारागीर गावात एखादाच उरला आहे. एका गावातल्या दहा घरांच्या दुरुस्तीचा आराखडा करणाऱ्या आर्किटेक्टला एका मोठ्या इमारतीइतकी फी मिळणार नाही आणि काम मात्र तिप्पट. त्यामुळे हे एकट्या गुंतवणूकदाराने होणार नाही. मुंबईच्या वास्तुकला महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना जुन्या घरांच्या मोजणीसाठी दरवर्षी इथे पाठवावं, गावातल्या सहकारी पतपेढ्यांनी घरदुरुस्तीला कमी व्याजाचं कर्ज द्यावं, आणि महानगरपालिकेने उरलेली बावखलं नकाशावर आणि सात-बारावर नोंदवून त्यांवर भराव टाकायला मनाई करावी. यातलं शेवटचं काम सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत निकडीचं. बावखल एकदा बुजलं की वरची जमीन विकली जाते, आणि विकलेली जमीन परत खोदायला कोणी देत नाही.